दुमडलेली पायरी

दीपश्री चाळके नक्की काय काम करते हे तिच्या आईला कधीच धड सांगता आलं नाही. शेजारणींनी विचारलं की आई म्हणायची, "पुण्यात विजेच्या कंपनीत हाय. झाडं काढती." कसली झाडं, असं कोणी खोदून विचारलं की ती विषय बदलायची. यात आईचा काही दोष नव्हता. दीपश्रीच्या खात्यातल्या निम्म्या लोकांनाही ते सांगता आलं नसतं, आणि त्यातल्या काहींना तर बढती मिळाली होती.

काम असं होतं. सह्यगिरी वीज वितरण कंपनीत जे जे म्हणून घडतं, त्या सगळ्याचं एक झाड काढलेलं असे. सगळ्यात वर कंपनी. तिच्याखाली खाती, खात्याखाली कामं, कामाखाली उपकामं, उपकामाखाली पायऱ्या, आणि पायरीखाली अगदी हाताची हालचाल: शिडी लावली, पट्टा बांधला, तार सोडली. प्रत्येक गोष्टीला वर एक पालक हवाच. हे झाड आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं, सहा थरांचं. दुसरं झाड होतं ते कारभाराच्या सॉफ्टवेअरमध्ये. परमिट, हजेरी, साठा, तक्रारी, कंपनी ज्याच्यावर चालते ते सगळं तिथं. ते बांधणाऱ्यांनी फार वर्षांपूर्वी चारच थर ठेवले होते. त्यांना तेवढे पुरले. सहा थरांचं झाड चार थरांच्या झाडाशी फांदीला फांदी लावून जुळवायचं, हा दीपश्रीचा धंदा. खालचे दोन थर मावत नसत, म्हणून ते वरच्या उपकामाच्या पोटात दुमडून ठेवायचे. दुमडलेल्या पायरीचा नियम सोपा होता. वरचं उपकाम पूर्ण झालं की त्याच्या पोटातली पायरी आपोआप पूर्ण धरायची.

पूर्वी या जुळणीचं कोणाला सोयरसुतक नव्हतं. झाडाची छापील प्रत मीटिंगच्या खोलीत भिंतीवर लागे, पाहुणे तिच्यासमोर फोटो काढत, आणि बाहेर माणसं आपापल्या पद्धतीनं काम करत. मग सेतू आला. सेतू ही दोन्ही झाडं सतत, दोन्ही बाजूंनी एकमेकांशी जुळवून ठेवणारी यंत्रणा. आराखड्यात एक रेघ हलवली की कारभारातलं परमिट बदले आणि डोंगरातल्या लाइनमनच्या मनगटावरच्या घड्याळात कंपनीच्या रेडिओवरून नवी सूचना येई. उलटही होई. घड्याळं, गाड्या, ब्रेकर यांच्या नोंदी वाचून माणसं प्रत्यक्षात काय करतात ते सेतू शिकत असे, आणि झाडात नसलेलं काही सापडलं की विचारत असे, 'या पायरीला पालक नाही. काय करायचं?' अशा पायरीला खात्यात अनाथ म्हणत. शब्द वाईट होता, पण रोज वापरून त्याची धार गेली होती.

एके दिवशी सेतूला वाघजाईत एक अनाथ सापडलं. वाघजाई म्हणजे कोयनेच्या खोऱ्यातलं एक छोटं उपकेंद्र. लाइन बंद करून काम करायला परमिट मिळे; काम संपून ते परत झालं की बाकीच्या उपकेंद्रांत तीन मिनिटांत लाइन पुन्हा चार्ज होई, तिच्यात वीज सोडली जाई. वाघजाईत बावीस मिनिटं लागत.

"बावीस मिनिटं ही मंडळी करतात तरी काय?" करमरकर मॅडमनी विचारलं. त्या प्रक्रिया कक्षाच्या प्रमुख, म्हणजे दीपश्रीच्या साहेब. स्वभावानं वाईट नव्हत्या, पण आकडा लाल दिसला की त्यांना जेवण जात नसे.

"डबा," दीपश्री म्हणाली.

"काय?"

हे समजावायला दीपश्रीला सेतूची गरज नव्हती. तिचे वडील, आबा, एकतीस वर्षं वाघजाईला लाइनमन होते, आणि आता तिचा धाकटा भाऊ हर्षद तिथंच होता. आबांच्या उमेदीत त्यांचा एक जोडीदार खांबावर असतानाच खाली दुसऱ्यानं परमिट परत केलं आणि ऑपरेटरनं लाइन सोडली. त्यानंतर वाघजाईच्या माणसांनी वरच्या कोणालाही न विचारता आपला नियम केला. लाइनवर जाणाऱ्या प्रत्येकानं आपला जेवणाचा डबा कंट्रोल रूमच्या खिडकीत ठेवून जायचं. काम संपलं की स्वतः यायचं आणि स्वतःच्या हातानं उचलायचा. सख्खा भाऊ मागायला आला तरी ऑपरेटर दुसऱ्याचा डबा देत नसे. खिडकीत एक जरी डबा असला तरी ब्रेकरला हात लावायचा नाही. माणूस कागद विसरेल, सही विसरेल, पण भूक लागल्यावर डबा विसरणार नाही, असं आबांचं म्हणणं. तेव्हापासून वाघजाईला एकही माणूस दगावला नव्हता.

"छान आहे," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांना ते खरंच छान वाटलं होतं. "पण काढून टाक. परमिट आहे, अर्थिंग आहे, घड्याळ आहे. लोकांनी बावीस मिनिटं अंधारात कशाला बसायचं?"

"मॅडम, काढायला नको. झाडात घेऊ या. रीतसर पायरी करू."

"ती सहाव्या थरावर बसेल. कारभारात पाचवासुद्धा नाही. नवे थर उघडायचे म्हणजे समिती, चाचणी, सहा महिने कुठं गेले नाहीत."

"तोवर 'परमिट परत'च्या पोटात दुमडून ठेवते. निदान कोणी पुसणार तरी नाही."

मॅडमनी थोडा विचार करून मान डोलावली. दुमडल्यावर ती बावीस मिनिटं वेगळी दिसेनाशी झाली आणि लाल आकडा हिरवा झाला. त्या दिवशी मॅडम व्यवस्थित जेवल्या.

त्या रविवारी दीपश्री गावी गेली. हर्षद जेवायला बसला होता. एकोणतीस वर्षांचा, आबांसारखाच रापलेला आणि आबांसारखाच सावकाश जेवणारा. आबा गेले तेव्हा तो बारावीत होता. त्याला इंजिनिअर करायचं म्हणून दीपश्रीनं पुण्यात नोकरी धरली, आणि त्यानं तिच्या नकळत आयटीआयला लाइनमनच्या कोर्सला नाव घातलं. त्यावरून तिनं त्याच्याशी दोन महिने अबोला धरला होता.

"तुमची डब्याची पायरी झाडात बसवली," ती म्हणाली.

त्याचा घास हातातच राहिला. "आबांची? कंपनीच्या झाडात?"

"उद्या घड्याळात बघ. 'परमिट परत'च्या खाली दिसंल."

"आई, ऐकलंस का? आता कुणी म्हणाय नको वाघजाईची पोरं डबा खात बसत्यात. कंपनीचं काम झालं ते."

"मला काय कळतंय तुमचं," आई म्हणाली. "भाजी घे."

"हर्षद, कच्ची हाय ती अजून. नुसती दुमडून ठेवलीय. थर मिळाला की पक्की करीन."

"तू बसवलीस म्हंजे पक्कीच की," तो म्हणाला आणि त्यानं भाकरी मोडली.

दुसऱ्या दिवशी त्यानं ती ओळ नलवडेकाकांना दाखवली. नलवडेकाका वाघजाईचे ऑपरेटर, आबांचे जुने दोस्त, आणि पडद्यावर लिहिलेल्या कशावरही सहजी विश्वास न ठेवणारे. त्यांनी चष्मा वर करून ओळ वाचली. तिच्याखाली बारीक अक्षरात 'जुळणी: दी. चाळके' असं होतं, तेही वाचलं. मग म्हणाले, "बापाचं नाव काढलं पोरीनं." हर्षदनं हे तिला कळवलं तेव्हा ती ऑफिसात एकटीच हसली. इतकं बरं तिला त्या नोकरीत क्वचितच वाटलं होतं.

नवा थर काही मिळाला नाही. समितीची एक बैठक झाली, दुसरी पुढं गेली, आणि दरम्यान कंपनीनं सेतूच्या हाती ब्रेकर दिले. म्हणजे यापुढं परमिटखालच्या सगळ्या पायऱ्या हिरव्या झाल्या की सेतू नव्वद सेकंद मोजणार आणि स्वतःच लाइन चार्ज करणार. ऑपरेटरनं हँडल फिरवायचं नाही, काही खटकलं तर 'थांबवा' दाबायचं. नव्वद सेकंद पुष्कळ झाले, असं सगळ्यांचं मत पडलं.

सेतूनं त्याआधी प्रामाणिकपणे विचारलं होतं. दुमडलेल्या सगळ्या पायऱ्यांची यादी त्यानं दीपश्रीकडे पाठवली. जी पायरी आपोआप पूर्ण धरली तरी चालेल तिच्यापुढं खूण करा, माणसानंच हातानं पूर्ण करायला हवी ती मोकळी सोडा. यादी चारशे बारा ओळींची होती. 'हातमोजे तपासले', 'हातमोजे ठेवले', 'शिडी मोजली', 'शिडी बांधली'. पहिल्या साठ ओळी तिनं नीट वाचल्या. शंभराव्या ओळीला डोळे वाचत होते आणि मन चारच्या बैठकीत जाऊन बसलं होतं. मग तिनं तेच केलं जे त्या धंद्यातलं प्रत्येक माणूस केव्हा ना केव्हा करतं आणि कबूल कोणी करत नाही. वरचा 'सर्व निवडा' हा चौकोन दाबला आणि खाली 'मान्य'. डबा तीनशे सदतिसावा होता.

वाघजाईला परिपत्रक पोचलं. 'सर्व पायऱ्या पूर्ण झाल्यावरच लाइन आपोआप चार्ज होईल.' पोरं जरा बिचकली. हर्षदनं त्यांना समजावलं, की सर्व पायऱ्यांत आपला डबा आलाच. ताईनं बसवलाय तो, काळजीचं कारण नाही.

चौथ्या दिवशी, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, नव्या व्यवस्थेतलं तिथलं पहिलंच काम निघालं. हर्षद आणि त्याचा जोडीदार जालिंदर डोंगरावरच्या फीडरवर इन्सुलेटर बदलायला गेले. दोघांचे डबे खिडकीत होते. परमिट जालिंदरच्या नावावर होतं. इन्सुलेटर बदलून झाला, लाइन जमिनीला जोडून ठेवणारं अर्थिंग काढलं, जालिंदर साहित्य घेऊन वळणापलीकडे गाडीशी गेला, आणि हर्षदला पुढच्या खांबावर तारेची बांधणी ढिली दिसली. अशा वेळी लाइनमननं पुन्हा परमिट काढावं असं पुस्तकात आहे. पण दोन मिनिटांचं काम होतं, लाइन बंदच होती, आणि डबा खिडकीत असेतो ती चालू होत नाही हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. तो चढला. गाडीशी जालिंदरच्या घड्याळानं विचारलं, 'काम पूर्ण?' काम तर पूर्ण झालंच होतं. त्यानं होय म्हटलं.

उपकेंद्रात पडद्यावर 'परमिट परत' हिरवं झालं, आणि त्याच क्षणी त्याच्या पोटातलं सगळं हिरवं झालं. नव्वद सेकंद सुरू झाले. नलवडेकाकांनी खिडकीकडे पाहिलं. दोन्ही डबे तिथंच होते. त्यांचा हात 'थांबवा'वर गेला. पडद्यानं थांबवण्याचं कारण निवडायला सांगितलं. सात कारणं होती, त्यांत डबा नव्हता. त्यांनी पुन्हा ती ओळ वाचली. 'डबा परत: पूर्ण. जुळणी: दी. चाळके.' पोरीनं काहीतरी नवी व्यवस्था केली असेल, घड्याळावरून कळत असेल, आपणच जुने झालो, असं त्यांच्या मनात आलं. एवढा विचार करायला नव्वद सेकंद लागतात.

दीपश्रीला उपकेंद्रातल्या फोनवरून जालिंदरचा फोन आला तेव्हा ती बैठकीत होती. तो "ताई" एवढंच म्हणाला. फोन कोणीतरी त्याच्या हातातून घेतला आणि त्या माणसानं तिला सांगितलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली, कारण घरात तिला बसवत नव्हतं. टेबलावर चौकशीचा प्राथमिक अहवाल होता. 'ऑपरेटर नलवडे यांनी डबा परत दिल्याची खोटी नोंद केली व लाइन थांबवली नाही. निलंबित.' तिनं नोंद उघडली. 'डबा परत: पूर्ण'समोर काकांचं नाव होतं खरं, पण काकांनी ते लिहिलं नव्हतं. दुमडलेली पायरी पूर्ण धरली की हजर असलेल्या ऑपरेटरचं नाव तिला आपोआप चिकटायचं. मग तिनं चारशे बारांची यादी काढली. तीनशे सदतीस. मान्यता दी. चाळके, दुपारी तीन बावन्न.

ती यादी तिनं उघडीच ठेवली. मॅडम म्हणाल्या होत्या तशी ती पायरी पुसली असती, तर हर्षद आज जिवंत असता. डबा झाडाबाहेर राहिला असता, आणि पोरांनी तो खिडकीत ठेवणं काही सोडलं नसतं. काकांना पडद्यावर त्याबद्दल वाचायला काही मिळालंच नसतं, त्यांनी खिडकी पाहिली असती, सातांपैकी भलतंच कारण दाबून लाइन थांबवली असती आणि वरून मेमो खाल्ला असता. तिनं मायेनं ती पायरी आत घेतली, आणि आत घेतली म्हणूनच ती खोटी बोलली. आपण भावाला मारलं, हे वाक्य तिच्या मनात सरळ आलं, आणि त्याला दुसरीकडे वळवायची तिला इच्छा झाली नाही.

मॅडम तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. त्यांनीही नोंद वाचली होती. सबंध कंपनीत ती वाचून समजणारी माणसं दोनच होती.

"यंत्रणेतली त्रुटी असं लिहिता येईल," त्या हळू म्हणाल्या. "कोणाचंच नाव नको. नलवड्यांना निवृत्तीला चार महिने राहिलेत, त्यांचं प्रकरण लांबवू, आपोआप मिटेल. तू आत्ताच भाऊ घालवलायस. अजून किती सोसशील?"

त्यांच्या बोलण्यात काहीच डावपेच नव्हता. म्हणूनच दीपश्रीला ते जड गेलं. वाईट हेतूनं सांगितलं असतं तर तिला लगेच नाही म्हणता आलं असतं.

"मला एक दिवस द्या," ती म्हणाली आणि गावी गेली.

आई मागच्या दारी बसली होती. काही करत नव्हती. दीपश्री तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि पहिल्यापासून सांगायला लागली. झाडं, थर, दुमडणं, यादी. इतकी वर्षं जे आईला कधी समजलं नव्हतं ते तिला दहा मिनिटांत समजलं.

"म्हंजे डबा खिडकीत असून कंप्युटर म्हणाला नेला."

"हो."

"त्याला असं म्हणाय कुणी सांगितलं?"

"मी."

"ठाऊक असून?"

"नाही. न वाचता सही केली. चारशे ओळी होत्या, आई."

आईनं पदर तोंडाशी धरला, पण ती रडली नाही. "सगळ्यांस्नी सांगत हुता," ती म्हणाली. "ताईनं बसवलंय, आता भ्या न्हाय."

"आई, शिव्या दे मला. काहीतरी बोल."

"शिव्या दिऊन काय करू? दोन लेकरं हुती मला. एक गेलं. दुसऱ्याकडं आता कसं बघू ते सुधरंना मला." ती भिंतीला धरून उठली. "तू जा, दीपे. आदी नलवड्यांचं नाव सोडव. त्यांच्या बायकोला गावात तोंड दाखवता येईना झालंय. मग बघू तुझं माझं."

दीपश्रीनं तिसऱ्या दिवशी चौकशीत सगळं सांगितलं. चौकशीच्या बाई विद्युत निरीक्षक होत्या, अनुभवी होत्या; त्यांनी दोनदा विचारलं, "हे तुम्ही लेखी द्याल?" तिनं लिहूनच आणलं होतं. काकांवरचा खोट्या नोंदीचा ठपका निघाला. दीपश्रीचा मान्यतेचा अधिकार गेला; याद्या बघण्यापुरतं काम राहिलं. जो थर सहा महिन्यांत मिळत नव्हता तो अकरा दिवसांत मिळाला, आणि कंपनीच्या सगळ्या उपकेंद्रांत लाइनमननं आपली एक वस्तू खिडकीत ठेवायची पद्धत सुरू झाली. परिपत्रकात तिला 'वाघजाई पद्धत' म्हटलं होतं. करमरकर मॅडमनी ते तिच्या टेबलावर पालथं ठेवलं आणि गेल्या.

नलवडेकाका कामावर परत गेले नाहीत. तिनं त्यांना घरी गाठलं तेव्हा ते म्हणाले, "तू माझं नाव सोडवलंस, दीपा. पर दोन डबे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं हुतं. आणि तरी वाचत बसलो." त्यांच्या पत्नीनं चहा आणला. तो तिघांनीही प्यायला नाही.

एप्रिलमध्ये सेतूची एक यादी आली. एखाद्या जागेवरचा माणूस कायमचा गेला की सेतू त्याच्या घड्याळातल्या जुन्या नोंदी धुंडाळी, आणि झाडात नसलेलं जे जे तो माणूस नेमानं करत होता ते काढून विचारी, की हे नव्या माणसाला सांगायचं का पुसायचं. यादीवर नाव होतं हर्षद चाळके. पालक नसलेल्या पायऱ्या तीन.

पहिली होती, दर सोमवारी झोरेवाडीतल्या एका घरी सहा मिनिटं थांबा. कोणाचं घर ते तिला माहीत नव्हतं. दुसरी, खांब क्रमांक एक्केचाळीसवर चढण्याआधी दीड मिनिट थांबा. तेही का, हे आता कोणी सांगू शकणार नव्हतं. तिसरी ओळ जरा लांब होती. 'दुपारी एक ते दीडच्या दरम्यान नेमलेला रस्ता सोडून सहाशे मीटर चढ. माथ्यावर थांबा, चार मिनिटं. फोन: दी. चाळके. तीन वर्षांत सहाशे अठरा वेळा. उत्तर मिळालं: दोनशे चार वेळा.'

दुपारी त्याचा फोन येतो हे तिला माहीत होतं. जेवून हातपाय पसरले की लाइनमन लोकांना वेळ जात नाही, म्हणून करतो, असं तिला वाटायचं. ती बैठकीत असली की आवाज बंद करायची, आणि नंतर 'बोल' असा निरोप टाकून विसरायची. खोऱ्यात फोनला रेंज नाही हेही तिला लहानपणापासून ठाऊक होतं. या दोन गोष्टी तिनं कधी एकमेकींशी जुळवल्या नव्हत्या.

पुसायचं की ठेवायचं हे ठरवणं तिच्या हातात नव्हतं. तिनं ती ओळ एका कागदावर उतरून घेतली, जिन्यात आली आणि आईला फोन लावला. दोन महिन्यांत दोघी कामापुरतंच बोलल्या होत्या, तेही तीनचार वेळा.

"आई, हर्षद मला रोज दुपारी फोन करायचा," ती म्हणाली. "त्यासाठी डोंगर चढून वर जायचा. मला माहीतच नव्हतं गं."

"मला ठाव हाय," आई म्हणाली. "तू उचलला न्हाईस की मग तितनंच मला करायचा."

"काय म्हणायचा?"

"काय म्हणणार. ताई कामात हाय म्हणायचा. सांजच्याला तूच कर तिला, जेवली का इचार म्हणायचा. तिकडं एकटी असती, जेवणाचं ध्यान नसतं तिला."

बऱ्याचदा संध्याकाळी आईचा फोन यायचा. फेब्रुवारीपासून तो बंद झाला होता. आईला आपल्याशी बोलायचं नाही म्हणून तो बंद आहे, एवढंच दीपश्रीनं धरलं होतं. सांगणाराच राहिला नाही, हे तिला आत्ता कळलं. ती जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली.

मग पलीकडून आईनं विचारलं, "जेवलीस का?"

"न्हाई," दीपश्री म्हणाली, आणि हर्षद गेल्यापासून पहिल्यांदा आईजवळ रडली.